मदत हवी आहे: सन्मानचिन्हांवर लेसरने मराठी नावं कोरायला कोणता फाँट घ्यावा?

धागाकर्ता: नवीपेठेतला

नमस्कार मंडळी,

सोलापुरात नवी पेठेजवळ आमचं ट्रॉफी आणि भेटवस्तूंचं छोटं दुकान आहे. आधी नावं बाहेरून कोरून आणायचो. गेल्या दिवाळीनंतर ६० वॅटचं सीओटू लेसर मशीन घेतलं. इंग्रजी अक्षरं पहिल्या दिवसापासून सुबक येतात, मराठीत मात्र अडकलोय.

काम असं आहे. एका शाळेत १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी बक्षीस समारंभ असतो. १९३१ साली याच दिवशी येरवडा तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी दिलं गेलं. सोलापूरकरांना हे सांगायला नको, बाहेरच्या वाचकांसाठी लिहितोय. शाळेला ४५ सन्मानचिन्हं हवी आहेत. ८ बाय ६ इंचाची सागवानी पाटी, वरच्या पट्टीत चारही हुतात्म्यांची नावं, मध्ये मोठ्या अक्षरांत विद्यार्थ्याचं नाव आणि खाली 'दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक' असा मजकूर. वरची नावं बारीक आहेत, अक्षराची उंची साधारण ५ मिमी.

नमुना काढला तर हे झालं:

'धनशेट्टी'मधला ट्ट जोडून आलाच नाही. आधी पाय मोडलेला ट, मग दुसरा टी. 'शिंदे'ची वेलांटी श च्या मागे जाऊन बसली. मग मी कोरलड्रॉ या आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं नीट जुळवून, त्यांचे कर्व्ह (म्हणजे नुसते रेषांचे आकार) करून फाईल दिली. जोडाक्षरं सुधारली, पण शिरोरेघेवर दर दोन अक्षरांमध्ये एक बारीक न जळलेली फट राहिली. सगळं नाव तुटक दिसतं. शिवाय सुंदर वाटला म्हणून एक जाड-बारीक वळणाचा फाँट घेतला होता, त्याच्या बारीक रेषा सागाच्या रेषांमध्ये दिसेनाशा झाल्या. आणि 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालंय, ते तर शाळेतल्या बाईंनीच दाखवलं.

गिऱ्हाईक म्हणतं, 'चालेल की, लांबून कोण बघतंय!' मला ते पटत नाही. ज्यांनी गावासाठी जीव दिला त्यांचं नाव पाय मोडून कोरलेलं मी पोरांच्या हातात देणार नाही. आणि ते मूलही ही पाटी जन्मभर घरात ठेवणार आहे. तर फाँट कोणता घेऊ? की चूक फाँटची नाहीच?

---

होटगीरोडचा_लेसरवाला

दादा, तुमच्या चारपैकी दोन अडचणी फाँटच्या नाहीत, आधी त्या सोडवू.

पहिली, जोडाक्षरं तुटण्याची. मशीनसोबत येणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरना देवनागरीची जुळणी येत नाही. ती अक्षरं एकापुढे एक मांडतात, त्यामुळे वेलांटी मागे जाते आणि पाय मोडलेले दिसतात. मराठी मजकूर तिथे टाईप करूच नका. इंकस्केप या आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडमध्ये टाईप करा, ते फुकट आहे आणि जोडाक्षरं बरोबर जुळवतं. मग 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, म्हणजे अक्षरांचे रेषांचे आकार होतात. त्याआधी टाईप केलेल्या फाईलची एक प्रत वेगळी ठेवा, पाथ झाल्यावर नावातली एक वेलांटीही बदलता येत नाही.

दुसरी, फटीची. याच फटीपायी मी दोन महिने डोकं धरून बसलो होतो. लेसरचं सॉफ्टवेअर भरीव कोरताना आकाराच्या आत आकार आला की आतला भाग रिकामा समजतं. 'ब'चं पोट कोरं राहतं ते त्यामुळेच. आता देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपल्या शिरोरेघेचा तुकडा सोबत घेऊन येतं आणि तो तुकडा शेजारच्या तुकड्यावर किंचित चढलेला असतो. स्क्रीनवर, कागदावर ते कळत नाही. मशीनला मात्र तिथे आकारात आकार दिसतो, आणि नेमका तेवढा भाग ते सोडून देतं. म्हणून पाथ केल्यावर सगळं अनग्रुप करून 'युनियन' करा. कोरलमध्ये त्यालाच 'वेल्ड' म्हणतात. पूर्ण शब्द एकसंध आकार झाला की फट गेली. काना, मात्रा, रफार जिथे शिरोरेघेला भेटतात तिथेही हेच होतं, तेही सांधले जातात. तपासणी 'आउटलाइन'मध्ये, म्हणजे नुसत्या कडा दिसतात तिथे, बघून करा, शिरोरेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग दिसली पाहिजे.

इंग्रजीत अक्षरं सुटी असतात, म्हणून तुम्हाला तिथे काही जाणवलं नाही.

---

अक्षरवेडी (पुणे)

फाँटबद्दल मी लिहिते. शिक्षण अक्षररचनेचं, काम छपाईतलं, पण लेसरवाल्यांच्या फाईली नेहमी करून देते.

तुमची चार नावं वाचली आणि वाटलं, फाँट तपासायला यापेक्षा चांगला मजकूर मिळणार नाही. मल्लप्पामध्ये ल्ल आणि प्प, धनशेट्टीमध्ये एकाखाली एक बसणारा ट्ट, कुर्बानमध्ये कान्यावरचा रफार, श्रीकृष्णमध्ये श्री, कृ आणि ष्ण, जगन्नाथमध्ये न्न, आणि शिंदेमध्ये वेलांटीच्या डोक्यावर अनुस्वार. सोलापूरला कानडी-तेलुगू वळणाची आडनावं भरपूर, त्यामुळे ट्ट, ल्ल, प्प, ण्ण तुम्हाला रोजच लागणार. कुठलाही नवा फाँट आला की ही चार नावं ५ मिमीत लावून बघा. ट्ट मधल्या दोन ट च्या मधली जागा बुजत नसेल आणि शिंदेचा अनुस्वार सुटा दिसत असेल, तर तो फाँट ठेवा. अनुस्वार लाकडात हरवला की 'शिदे' होतं, ते वेगळंच नाव झालं.

आता बारीक रेषांचं. मशीनच्या ओळींमधलं अंतर तुम्ही बहुधा ०.१ मिमी ठेवलं असेल, म्हणजे २५४ डीपीआय. फाँटची सगळ्यात बारीक रेघ ०.२ मिमीची असेल तर ती फक्त दोन ओळींत कोरली जाते, आणि सागाचा कठीण रेषांचा भाग आडवा आला की त्यातली एक फिकी पडते. लाकडावर बारीकात बारीक रेघ ०.३५ ते ०.४ मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. मोजायची सोपी युक्ती: इंकस्केपमध्ये ०.४ मिमीचा एक चौकोन काढा आणि खऱ्या मापातल्या नावावर, अक्षर जिथे सगळ्यात बारीक आहे तिथे नेऊन ठेवा. चौकोन रेघेबाहेर आला तर फाँटचं जाड वजन (वजन म्हणजे रेघेच्या जाडीची पायरी) घ्या किंवा अक्षर वाढवा.

त्या हिशोबाने वरच्या पट्टीसाठी मी 'मुक्त' घेईन. मुंबईच्या 'एक टाईप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा आहे, रेघ जवळपास एकसारख्या जाडीची, आणि एक्स्ट्रा लाइटपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत सात वजनं मिळतात. लाकडावर मीडियम किंवा सेमीबोल्ड लावा. बोल्डच्या पुढे गेलात तर ५ मिमीत ट्ट आणि ष्ण बुजतील. विद्यार्थ्याचं नाव मोठं आहे, तिथे थोडं जाड-बारीक वळण शोभतं. 'टिरो देवनागरी मराठी' बघा. त्यात ल आणि श मुळातच मराठी वळणाचे आहेत. एरवी बऱ्याच फाँटांमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श येतात. शासनाच्या प्रमाण वर्णमालेतही पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं आहेत. काही फाँटांत दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडल्याशिवाय मराठी रूप येत नाही. लिब्रेऑफिसमध्ये भाषा निवडून पीडीएफ काढा आणि ती इंकस्केपमध्ये उघडा. ४५ नावांची यादी असेल तर मेलमर्जही (यादीतलं एकेक नाव मजकुरात आपोआप बसवणं) तिथेच होतं.

'रोझा वन' फार देखणा आहे, पण त्याच्या जाड आणि बारीक रेघेत टोकाचा फरक आहे, लहान मापात लाकडावर नकोच. तुम्ही बहुधा त्याच जातीचा काहीतरी घेतला असणार. लहान मुलांच्या भेटवस्तू, किचेन वगैरेंना 'बलू' छान दिसतो, गोल आणि भरलेला आहे. जुन्या पाट्यांसारखं वळण हवं असेल तर 'यात्रा वन', पण फक्त शीर्षकाला. हे सगळे फाँट खुल्या परवान्याचे आहेत, कोरून विकलेल्या वस्तूंवर चालतात.

'दुसऱ्या'साठी र नाही, ऱ टाईप करा: ऱ, मग हलंत, मग य. साध्या र ने रफारच येणार. हा मराठीचा खास र आहे, तो चुकू देऊ नका.

---

नवीपेठेतला

ताई, दादा, मनापासून आभार. युनियन करून आत्ताच एका तुकड्यावर 'धनशेट्टी' काढलं. शिरोरेघ अखंड आली! घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

एक शंका. शिरोरेघेची दोन्ही टोकं बाकीच्या रेघेपेक्षा काळी जळतात. आणि काने थोडे दातेरी दिसतात, जणू दोनदा छापलेत.

---

होटगीरोडचा_लेसरवाला

टोकं काळी पडतात कारण हेड वळायला थांबतं तेव्हा वेग कमी होतो आणि तिथे जास्त जळतं. ओव्हरस्कॅन वाढवा, म्हणजे हेड अक्षराच्या बाहेर जाऊन वळेल. काने दातेरी येतात ते जाताना आणि येताना ओळी नेमक्या जुळत नाहीत म्हणून. वेग कमी करा किंवा सॉफ्टवेअरमधलं बॅकलॅश जुळवा. देवनागरीत उभ्या दंडांची एवढी दाटी असते की हा दोष लगेच डोळ्यात भरतो. बेल्ट सैल आहे का तेही बघा. लेन्स पुसा, सागाचा धूर चिकट असतो. कोरण्याआधी पाटीवर मास्किंग टेप लावलीत तर अक्षराभोवती पिवळे डाग पडणार नाहीत.

---

ब्रशवाला_काका

मी ३० वर्षं बोर्ड रंगवले, लेसरचं मला काही कळत नाही. पण अक्षराचं सांगतो.

तुम्ही लोक उंची मोजताना शिरोरेघेपासून खाली मोजता. वर वेलांट्या, मात्रा, रफार, खाली उकार, ट्ट चा दुसरा मजला, यांना जागा कोण देणार? आम्ही पाटी आखायचो तेव्हा दोन ओळींच्या मध्ये अक्षराएवढी नाही तरी पाऊण अक्षराएवढी जागा सोडायचो. 'कुर्बान'चा रफार वरच्या ओळीच्या उकाराला धडकला की दोन्ही ओळी मेल्या. चार नावं एका पट्टीत दाटीने बसवू नका. दोन-दोन करून दोन ओळी घ्या, पट्टी उंच करा. पाटी ६ इंचाची आहे, जागा आहे की.

आणि सागाचे दाणे, म्हणजे लाकडातल्या रेषा, आडवे जातात की उभे ते बघून पाटी कापून घ्या. शिरोरेघ दाण्याच्या दिशेत आली तर ती दाण्यातच मिसळते. आमच्या वेळी छिन्नीने कोरणारेही हेच सांगायचे.

आणखी एक. नावांची यादी शाळेकडून टाईप केलेली घेऊ नका. मुलाच्या घरून हाताने लिहून आणवा. 'कोंड्याल'चं 'कोंडयाल' आणि 'म्हेत्रे'चं 'मेहेत्रे' मी माझ्या डोळ्यांनी रंगवून झाल्यावर पाहिलंय. आडनाव कसं लिहायचं ते त्या घरालाच माहीत असतं.

---

भेटवस्तू_घरगुती

याच धाग्यात विचारते, माफ करा. अॅक्रिलिक, पितळ आणि रेक्झिनच्या डायरीवरही हाच फाँट चालेल का?

---

होटगीरोडचा_लेसरवाला

ताई, रेक्झिनवर लेसर मुळीच चालवू नका. ते बहुतेक पीव्हीसीचं असतं, जळताना क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो, माणसाला अपाय आणि मशीनलाही गंज. खरं चामडं असेल तरच.

अॅक्रिलिक 'कास्ट' घ्या, त्यावर कोरलेलं दुधाळ पांढरं उमटतं. एक्सट्रूडेड शीटवर अक्षर नुसतं वितळल्यासारखं दिसतं. दाणे नसल्यामुळे लाकडापेक्षा बारीक रेघ टिकते, वजन एक पायरी कमी केलं तरी चालतं. मागून कोरणार असाल तर मजकूर मिरर करायला विसरू नका.

उघडं पितळ सीओटूने कोरलं जात नाही, त्याला फायबर लेसर लागतं. सोनेरी पट्टी हवी असेल तर दोन रंगांची लेसर शीट मिळते, वरचा थर जळला की खालचा रंग दिसतो.

नाव आरपार कापायचं असेल तर देवनागरीचा फायदाच आहे, शिरोरेघ सगळी अक्षरं धरून ठेवते. फक्त अनुस्वार गळून पडतो, त्याला बारीक देठ काढून शिरोरेघेला जोडा.

---

नवीपेठेतला

आज दुसरा नमुना शाळेत दाखवून आलो. वर मुक्त सेमीबोल्ड, काकांच्या सांगण्यावरून नावं दोन ओळींत, अक्षर ५ ऐवजी ६ मिमी. ०.४ चा चौकोन सगळीकडे आत बसला. एकट्या 'श्री'ची तिरपी रेघ त्याला कमी पडत होती, ६ मिमी केल्यावर तिथेही बसला. मध्ये विद्यार्थ्याचं नाव टिरोमध्ये १४ मिमीचं. दाणे उभे येतील अशा पाट्या सुताराकडून पुन्हा कापून घेतोय. एक दिवस वाढला, चालेल.

शाळेतल्या बाईंनी पाटी हातात घेऊन चारही नावं मोठ्याने वाचली आणि 'दुसऱ्या'वर बोट फिरवून बघितलं. मुलांच्या घरून नावं लिहून आणायला त्यांनी चिठ्ठी पाठवली आहे. २६ आली, १९ यायची आहेत. आलेल्यांपैकी तीन आडनावं शाळेच्या यादीपेक्षा वेगळी निघाली.

अक्षरवेडी ताई, एका मुलीच्या आजोबांनी नावाखाली तेच नाव तेलुगूतही कोरून मागितलंय. तेलुगूला शिरोरेघ नाही, पण जोडाक्षराचं दुसरं अक्षर खाली लटकतं. तिथेही युनियन करायचं ना? आणि मुक्तच्या शेजारी जाडीला जुळणारा तेलुगू फाँट कोणता?

---

अक्षरवेडी

हो, युनियन करा, तेलुगूतही अक्षराचे भाग एकमेकांवर चढलेले असतात. 'नोटो सान्स तेलुगू' घ्या, त्यात बरीच वजनं आहेत. मुक्तच्या शेजारी लावून ०.४ चा चौकोन तिथेही फिरवा आणि त्या मापाने वजन ठरवा. खाली लटकणाऱ्या अक्षरासाठी ओळीखाली जास्त जागा सोडा. आणि कोरण्याआधी कागदावर छापून आजोबांना वाचायला द्या, तेलुगू तुम्हाला-मला तपासता येणार नाही.