शब्दचर्चा : अंडाशयातली ‘गाठ’, पुटी की पुटिका? आहारपत्रकातले अडलेले शब्द

पत्रक लिहिणारी :
पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, अंडाशय आणि हार्मोन्सशी निगडित विकार) असलेल्या मुलींसाठी आणि बायकांसाठी दोन पानी आहारपत्रक मराठीत करायचं आहे. वाचणाऱ्या बहुतेक जणी दहावी-बारावी झालेल्या, सोनोग्राफीचा इंग्रजी रिपोर्ट हातात असलेल्या. रिपोर्टमधल्या ‘सिस्ट’ला गाठ म्हणावं, पुटी म्हणावं की सिस्टच ठेवावं? ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’ला कोशात ‘इन्सुलिन प्रतिरोध’ आहे, पण तो वाचून काही उमजत नाही. ‘हार्मोन्सचं असंतुलन’ हा शब्दप्रयोग बरोबर आहे का? आणि मापं ‘वाटी’त द्यावीत की ग्रॅममध्ये?

स्त्रीरोगतज्ज्ञ :
‘गाठ’ हा शब्द या पत्रकात अजिबात नको. मराठीत गाठ म्हटलं की छातीतली गाठ, काखेतली गाठ, म्हणजे काढून टाकायची गोष्ट, आणि मनात कॅन्सर. पीसीओएसमध्ये तसं काही नसतं. दर पाळीच्या चक्रात अंडाशयात काही पुटिका वाढू लागतात, म्हणजे स्त्रीबीज जिच्यात वाढतं ती द्रवाने भरलेली बारीक पिशवी. त्यातली एक सुमारे २० मिलिमीटरपर्यंत वाढते, फुटते आणि बीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये पुष्कळ पुटिका २ ते ९ मिलिमीटरवरच थबकतात. सोनोग्राफीत दिसतात त्या याच. नावातच ‘सिस्ट’ असल्याने सगळा घोळ झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१२ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञमंडळानेही हे नाव दिशाभूल करणारं आहे, ते बदलावं, असं सुचवलं होतं.

खऱ्या सिस्टसाठी ‘पुटी’ राखून ठेवा आणि तिचे प्रकार वेगळे सांगा. पाळी चालू असलेल्या वयात ५ सेंटिमीटरच्या आतली साधी, पाण्याची पुटी बहुधा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते. चॉकलेट सिस्ट म्हणजे एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार), तिच्यात जुनं रक्त साठलेलं असतं. डर्मॉइडमध्ये केस, चरबी, कधी दातही सापडतात. या तिन्हींपैकी एकही आहाराने विरघळत नाही. म्हणून ‘गाठ विरघळवणारा आहार’ असे शब्द पत्रकात कुठेही येऊ देऊ नका. नाहीतर डर्मॉइड असलेली बाई जवसाची चटणी खात सहा महिने थांबेल.

एक चौकट मात्र ठळक हवी : ओटीपोटात एका बाजूला अचानक असह्य दुखणं आणि सोबत उलट्या असतील तर लगेच दवाखाना गाठावा. पुटीमुळे अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. तिथे तास मोलाचे असतात.

कोशकार :
शास्त्रीय परिभाषेत सिस्ट म्हणजे पुटी आणि फॉलिकल म्हणजे पुटक किंवा पुटिका. पुटी आणि पुटिका हे शब्द दिसायला फार जवळचे, घाईत वाचताना गल्लत होणार. म्हणून ‘अर्धवट वाढलेल्या बीजपिशव्या’ असं एकदा लिहून पुढे ‘बीजपिशव्या’ चालवावं. Ovary साठी जुन्या पुस्तकांत ‘बीजांडकोश’ आहे, शाळेत आता ‘अंडाशय’ शिकवतात. तोच घ्या. ‘गर्भाशय’ आणि ‘अंडाशय’ यांत मात्र बायका नेहमी गोंधळतात, ‘पिशवीला सूज’ म्हणतात तेव्हा पिशवी म्हणजे गर्भाशय. त्यामुळे बीजपिशवी म्हणतानाही सोबत छोटी आकृती असलेली बरी.

स्त्रीरोगतज्ज्ञ :
आकृतीची सूचना चांगली आहे. फक्त ‘अंडाशय’पुढे कंसात इंग्रजी शब्द द्यायचाच झाला, तर तो ‘ओव्हरी’ असा देवनागरीत लिहा.

‘हार्मोन्सचं असंतुलन’बद्दल माझं मत कडक आहे. हा शब्द काहीच सांगत नाही. थायरॉइड कमी पडलं तरी असंतुलन, प्रोलॅक्टिन (दूध तयार करायला लावणारं संप्रेरक) वाढलं तरी असंतुलन, आणि पीसीओएसचं निदान करण्याआधी ही दोन्ही कारणं तपासून बाजूला काढावीच लागतात. नेमकं लिहा : ‘पुरुषी संप्रेरकं (अँड्रोजन) गरजेपेक्षा जास्त होतात.’ निदानाचे निकष तीन. बीज वेळेवर बाहेर न पडणं, अँड्रोजनचं आधिक्य, आणि सोनोग्राफीत अंडाशयाचं विशिष्ट चित्र किंवा रक्तात एएमएच (बीजपिशव्यांतून येणारं एक संप्रेरक) वाढलेलं. तिघांपैकी दोन हवेत. सोनोग्राफीत एका अंडाशयात २० किंवा अधिक बीजपिशव्या, किंवा अंडाशयाचं आकारमान १० मिलिलिटर वा जास्त, असं असलं तर ते विशिष्ट चित्र. पहिली पाळी येऊन आठ वर्षं झाली नसतील त्या मुलीला सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवायचं नसतं, त्या वयात अशा बीजपिशव्या सहज दिसतात. सोळा वर्षांच्या मुलीला नुसत्या रिपोर्टवरून पथ्यं लावू नका.

पत्रक लिहिणारी :
लक्षणांच्या यादीत ‘अंगावर लव वाढणे’ लिहिलं होतं. ते बरोबर आहे ना?

कोशकार :
नाही. लव म्हणजे मऊ, बारीक, फिकट. ती सगळ्यांच्याच अंगावर असते. इथे हवेत ‘राठ, काळे केस’, आणि जागा सांगून : हनुवटी, वरचा ओठ, छातीचा मध्यभाग, बेंबीखालची रेघ.

आहारतज्ज्ञ :
याच यादीत ‘मानेवरचा काळेपणा’ घाला. मानेच्या मागे, काखेत, जांघेत कातडी काळपट, जाडसर, हाताला मखमलीसारखी लागते. घरात त्याला मळ म्हणतात आणि मुलगी दगडाने घासून घासून लाल करून घेते. तो मळ नसतोच. रक्तात इन्सुलिन सतत चढं राहिल्याने तिथल्या पेशी वाढतात. घासल्याने कातडी आणखी जाड आणि काळी होते. इन्सुलिन उतरलं की काळेपणा सावकाश फिका होतो.

यावरूनच तुमच्या दुसऱ्या शब्दाकडे येते. ‘इन्सुलिन प्रतिरोध’ऐवजी लिहा : ‘शरीर इन्सुलिनला दाद देत नाही.’ मग पुढची साखळी सोपी होते. पेशी दाद देत नाहीत म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. ते जादा इन्सुलिन अंडाशयाला अँड्रोजन बनवायला लावतं. तिकडे यकृतात लैंगिक संप्रेरकं बांधून ठेवणारं प्रथिन कमी तयार होतं, म्हणून मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. त्यातून राठ केस, मुरुमं, थबकलेल्या बीजपिशव्या. आहार काम करतो तो या साखळीच्या पहिल्या कडीवर. बीजपिशव्यांवर थेट काम करणारा एकही पदार्थ नाही, हे वाचणारीला नीट कळलं पाहिजे. सडपातळ बायकांतही ही साखळी असू शकते, म्हणून ‘जाड बायकांचा आजार’ असा सूर कुठेही नको.

पत्रक लिहिणारी :
‘पथ्य’ म्हणावं का मग? आणि मापांचं काय?

आहारतज्ज्ञ :
पथ्य म्हटलं की काय सोडायचं याची यादी डोळ्यांपुढे येते, आणि बरं वाटलं की पथ्य सुटतं. ‘रोजचं जेवण’ म्हणा. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पीसीओएससाठी कुठलाही एक ठरावीक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. दूध बंद, गहू बंद, असं सरसकट लिहायला आधार नाही.

मापांच्या बाबतीत ‘वाटी’ हा शब्द सर्वांत जास्त फसवतो. घरोघरी वाटी १०० ते २०० मिलिलिटरची असते. त्यावर कच्ची वाटी की शिजलेली, हा प्रश्न. ‘रोज एक वाटी डाळ’ वाचून बाई एक वाटी पातळ वरण खाते. त्यात कोरडी डाळ जेमतेम २० ग्रॅम, म्हणजे प्रथिनं ४ ते ५ ग्रॅम. म्हणून कडधान्यं-डाळी कोरड्या ग्रॅममध्ये द्या आणि कंसात शिजल्यावर किती होतात ते द्या.

प्रथिनांचं गणित पत्रकात करूनच दाखवा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम. दोन ज्वारीच्या भाकऱ्यांचं १०० ग्रॅम पीठ : १० ग्रॅम. मोड आणण्यासाठी भिजवलेली ४० ग्रॅम मटकी : ८. वरणाची ३० ग्रॅम तूरडाळ : ६. दूध-दही मिळून ३०० मिलिलिटर : ९. शेंगदाणे २५ ग्रॅम : ६. दोन अंडी : १२. झाले ५१. अंडी न खाणारीने मटकी किंवा हरभरा ३० ग्रॅमने वाढवावा आणि ३५ ग्रॅम पनीर घ्यावं. कोकणात, गोव्यात बांगडा-तारली रोजची, तिथे डाळीच्या जागी मासा आला तरी चालेल. तळलेला मात्र रोज नको.

भाज्या दिवसाला ४०० ग्रॅम. ही सूचना वाचतात सगळ्या, पाळली सर्वांत कमी जाते, कारण चौघांच्या घरात अर्धा किलो भाजी आणली जाते आणि तीच दोन वेळ पुरवतात. चौघांना दिवसाला एक किलो ६०० ग्रॅम लागते, असं स्पष्ट लिहा.

कोशकार :
‘चमचा’ही असाच आहे. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा, पण पोह्याचा चमचा घरागणिक वेगळा.

आहारतज्ज्ञ :
खरं आहे. तेल महिन्याच्या हिशेबात सांगावं : दिवसाला २७ ग्रॅम, म्हणजे तूप-तेल मिळून माणशी महिन्याला एक लिटरच्या आत. पिशव्या मोजता येतात, चमचे मोजले जात नाहीत.

साखरेच्या ओळीत ‘गोड बंद’ लिहू नका. ‘गोड बंद केलंय’ म्हणणारी बाई चहा गोडात धरत नाही. चार कप चहा, दर कपात दोन चमचे, म्हणजे ३० ते ४० ग्रॅम साखर चहातूनच. आणि ‘साखरेऐवजी गूळ’ हा तर ठरलेला गैरसमज. गूळ म्हणजे मुख्यतः तीच साखर, इन्सुलिनला फरक पडत नाही. मध, खजुराचा पाक यांनाही हेच लागू.

‘उपवासाचं हलकं’ हा शब्दप्रयोगही खोडा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅममध्ये प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. पोटाला जड पडत नसेल, पण रक्तातली साखर झपाट्याने चढते. उपास करणारीला तो सोडायला सांगू नका, ताट बदलून द्या : ४० ग्रॅम भगर, शेंगदाण्याची आमटी, वाटीभर दही, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर. किंवा राजगिऱ्याची भाकरी. ‘ग्लायसेमिक इंडेक्स’चा शब्दही टाळता येईल : ‘साखर चढण्याचा वेग’ म्हणा. भात सोडायची गरज नाही. भाताबरोबर उसळ आणि भाजी दुप्पट घेतली की तो वेग मंदावतो.

स्त्रीरोगतज्ज्ञ :
पाळीबद्दलचे शब्द राहिले. ‘पाळी चुकली’ म्हटलं की मराठीत दिवस गेल्याची शंका येते. इथे ‘पाळी लांबते’ लिहा आणि आकडा द्या : पहिल्या पाळीनंतर तीन वर्षं उलटल्यावर ३५ दिवसांपेक्षा लांब, २१ पेक्षा कमी अंतराने, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या. ‘अंगावर जातं’ याचे दोन अर्थ चालतात, पांढरं जाणं आणि रक्त खूप जाणं. त्यामुळे ‘रक्तस्राव’ लिहिणंच सुरक्षित.

‘नाही आली तर बरंच आहे, कटकट नाही’ असं म्हणणाऱ्या पुष्कळ असतात. तीन-तीन महिने पाळी येत नसेल तर गर्भाशयाचं अस्तर साठत जाड होतं, आणि वर्षानुवर्षं तसं राहिल्यास त्यात कॅन्सरचा धोका वाढतो. ९० दिवस झाले तर डॉक्टरांकडे, ही ओळ आहाराच्या पानावरही हवी. पपई, तीळ, गूळ ‘उष्ण’ म्हणून पाळी ‘आणायला’ खाल्ले जातात. त्यांनी बीज बाहेर पडत नाही आणि अस्तराचा प्रश्नही सुटत नाही. पपई फळ म्हणून खुशाल खावी.

याच्या उलट, ‘पाळी येत नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत’ हेही चूक. चालणं-जेवण सुधारलं, मेटफॉर्मिन (शरीराने इन्सुलिनला दाद द्यावी यासाठीचं औषध) सुरू झालं, की बीज कधी बाहेर पडेल ते आधी कळत नाही. मूल नको असेल तर साधन वापरावं. ‘वंध्यत्व’ हा शब्द शीर्षकात नको. ‘दिवस राहायला वेळ लागू शकतो’ इतकंच खरं आहे.

आहारतज्ज्ञ :
वजनाबद्दल ‘आदर्श वजन’ लिहिण्याऐवजी ‘आहे त्यापेक्षा ५ ते १० टक्के कमी’ लिहा. ७० किलोच्या बाईला साडेतीन ते सात किलो. एवढ्यानेही अनेकींची पाळी सुधारते. ‘व्यायाम’ शब्दाखाली घरकाम मोडतं की नाही हा वाद नेहमीचा, म्हणून ‘बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चालणं’ असं वर्णन द्या : आठवड्याला किमान १५० मिनिटं, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी स्नायूंना ताण देणारा व्यायाम, उदाहरणार्थ बैठका.

पत्रक लिहिणारी :
शेवटचा शब्द. तपासण्यांच्या यादीत ‘शुगर’ एवढंच लिहावं का?

स्त्रीरोगतज्ज्ञ :
‘शुगर नॉर्मल’ म्हणजे बहुधा फक्त उपाशीपोटीची. पीसीओएसमध्ये ती ठीक असूनही बिघाड लपलेला असू शकतो. ‘उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी’ असं पूर्ण लिहा. जेवून केलेली ‘पीपी’ म्हणजे ही तपासणी नव्हे. दोन तासांनंतरचा आकडा १४० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा जास्त असेल तर पुढे डॉक्टरांशी बोलायचं. निदानाच्या वेळी एकदा, मग धोका पाहून दर एक ते तीन वर्षांनी. रक्तातलं इन्सुलिन मोजायची तपासणी यादीत घालू नका, तिच्यावरून उपचार ठरत नाहीत आणि पैसे जातात. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर त्याच ओळीत ‘बी १२’ जोडा, विशेषतः अंडी-मासे न खाणाऱ्यांसाठी.