मदत हवी आहे: झायमोग्राफी तीनदा केली, जेल नुसतं निळं, पट्टा येतच नाही (अर्जंट)

पेशीवेडी (शुक्रवार, रात्री ११:५२)
कोणी जिलेटिन झायमोग्राफी केलीय का, प्लीज लवकर सांगा. आज तिसऱ्यांदा केली. प्रोटीन कापणारी एन्झाईम्स बघायचीत, एमएमपी २ आणि ९ (कॅन्सर पसरायला मदत करतात म्हणतात ती), तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींचं मिडियम, म्हणजे त्या ज्या द्रवात वाढवल्या ते, घेतलंय. जेलमध्ये मिसळलेलं जिलेटिन रंगानं निळं होतं, जिथं एन्झाईम असेल तिथलं खाल्लं जाऊन पांढरा पट्टा यायला पाहिजे ना, माझं अख्खं जेल निळं, पांढरं काहीच नाही, उलट प्रत्येक लेनमध्ये मधेच एक जाड गडद निळा डाग आहे. बफर नवीन केला, ट्रायटनचे (सौम्य साबण) दोन वॉश दिले अर्धा अर्धा तास, ३७ ला रात्रभर ठेवलं. बाकी सगळं नेहमीसारखंच. मंगळवारी प्रेझेंटेशन आहे आणि गाईड म्हणतात आधी पट्टा दाखव मग बोलू. डोकं बंद पडलंय. फोटो जोडलाय.

तालीमवाला (रात्री ११:५८)
ताई प्रोटीन कापायचं कशाला, आम्ही इथं प्रोटीन वाढवायला मरतोय 😄 जेवणानंतर ओवा खा, पचतं सगळं.

पेशीवेडी (रात्री १२:०१)
दादा हा लॅबचा प्रश्न आहे.

ब्लॉटवाला_पुणे (रात्री १२:२०)
झायमोग्राफीच्या नादाला लागूच नका, माझी पीएचडीची दोन वर्षं गेली त्यात. सरळ वेस्टर्न ब्लॉट करा, प्रोटीन ओळखणारी अँटीबॉडी घ्या, पट्टा येतोच. आणि सँपल गोळा करताना प्रोटिएज इनहिबिटर कॉकटेल (प्रोटीन कापणारी एन्झाईम्स बंद करणारं मिश्रण) घातलंय का? नसेल तर तुमची सगळी प्रोटीन्स आधीच एकमेकांना खाऊन मोकळी झाली असतील.

कात्री (रात्री १२:३४)
@ब्लॉटवाला काय सांगताय तुम्ही तिला? कात्री चालते का ते बघायचंय आणि तुम्ही म्हणता आधी कात्रीला कुलूप लावा. बऱ्याच कॉकटेलमध्ये ईडीटीए असतं, ते कॅल्शियम आणि झिंक ओढून घेतं, आणि एमएमपीचं सगळं चालतं ते झिंकवर. शिवाय वेस्टर्नमध्ये प्रोटीन आहे एवढंच कळतं, ते काम करतं का ते नाही कळत. जिवंत आणि मेलेलं दोन्ही तिथं सारखंच दिसतं.

ब्लॉटवाला_पुणे (रात्री १२:४१)
ईडीटीए नसलेलं कॉकटेलही मिळतं, माहीत नसेल तर सांगतो. पीएमएसएफ घाला, त्यानं ट्रिप्सिनसारखी सेरीन गटातली एन्झाईम्स बंद होतात, एमएमपीला धक्का लागत नाही. आणि अँटीबॉडी नीट निवडली तर प्रो (झोपलेलं) आणि ॲक्टिव्ह (जागं) रूप वेगळं दिसतं, वजनात दहाएक किलोडाल्टनचा (प्रोटीनच्या वजनाचं माप) फरक असतो.

कात्री (रात्री १२:४५)
ती अँटीबॉडी येईपर्यंत मंगळवार होऊन जाईल की ओ. आणि पैसे कोण देणार, तुम्ही?

पेशीवेडी (रात्री १२:४९)
कॉकटेल घातलेलं नाही. प्लीज भांडू नका, माझं जेल का निळं आहे तेवढं सांगा.

रंकाळ्याकाठी (शनिवार, सकाळी ६:१०)
कोल्हापूरच्या आहात का? काल रात्री आमच्याकडे लाईट दोनदा गेली, पावसानं झोडपलंय नुसतं. तुमचा ३७ चा इनक्युबेटर रात्रभर चालू होता हे बघितलं का कोणी?

पेशीवेडी (सकाळी ७:३०)
हो कोल्हापूर. लॅबला जनरेटर आहे. आणि आधीच्या दोन वेळा लाईट गेली नव्हती तरी हेच.

डेटाहवा (सकाळी ८:०५)
ताई तुम्ही निम्मी माहिती दिलीच नाही. मिडियम कुठून आलं, किती तासांचं, कसं साठवलं, किती वेळा गोठवून वितळवलं, जेल किती टक्के, जिलेटिन किती, लेनमध्ये किती मायक्रोलिटर? ‘नेहमीसारखं’ म्हणजे काय ते आम्हाला कसं कळणार.

पेशीवेडी (सकाळी ८:४०)
सॉरी. १० टक्के जेल, जिलेटिन १ मिलिग्रॅम प्रति मिली, लेनला २० मायक्रो. आमच्याकडे कल्चरची सोय नाही, मैत्रीण पुण्यात लॅबमध्ये आहे ती पेशी वाढवते, ४८ तासांचं मिडियम थर्माकोलच्या डब्यात बर्फात घालून मी एसटीनं घेऊन आले. एकदाच वितळवलंय.

ब्लॉटवाला_पुणे (सकाळी ८:४४)
एसटीनं!!! झालं मग. स्वारगेटपासून कोल्हापूर सहा तास, बर्फाचं पाणी झालं असणार, एन्झाईम कराडलाच उतरलं 😂

कात्री (सकाळी ८:५२)
एमएमपी एवढी नाजूक नसतात. सहा तास बर्फात ठेवून मरत असती तर त्याच जेलमध्ये ३७ ला रात्रभर कशी चालतात? एसटीला नावं ठेवू नका.

चप्पललाईन (सकाळी ९:३०)
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, कातड्याच्या धंद्यातसुद्धा अशीच प्रोटीन कापणारी एन्झाईम्स लागतात. कमावण्याआधी कातडं मऊ पडावं म्हणून पूर्वी युरोपात कुत्र्याची नाहीतर कबुतराची विष्ठा वापरायचे, घाण काम. १९०७ च्या सुमारास जर्मनीत ऑटो रोम म्हणून रसायनवाला होता त्यानं शोधून काढलं की काम करतात ती प्रोटीन कापणारी एन्झाईम्स, मग जनावराच्या स्वादुपिंडातून काढून विकायला लागला. आपल्या कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात, २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो याच चपलेला. बाकी तुमचं ते पट्ट्याचं मला कळलं नाही.

पेशीवेडी (सकाळी ९:३३)
🙏

निवृत्त_लॅबवाली (सकाळी १०:१५)
पोरी, फोटो मोठा करून बघितला. दोन गोष्टी विचारते, नीट उत्तर दे. एक, सँपल जेलमध्ये टाकताना जो निळा लोडिंग डाय मिसळतेस त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो का? दोन, डाय मिसळल्यावर ट्यूब गरम केलीस का?

पेशीवेडी (सकाळी १०:२१)
हो येतो की वास, म्हणून तर हूडमध्ये करतो. आणि ९५ ला पाच मिनिटं, ते तर सगळेच करतात. प्रत्येक जेलला तसंच करतो आम्ही.

निवृत्त_लॅबवाली (सकाळी १०:४०)
सापडलं बघ. तो वास बीटा मर्कॅप्टोइथेनॉलचा. साध्या जेलला तो आणि उकळणं दोन्ही पाहिजे कारण तिथं प्रोटीन पूर्ण उलगडून फक्त वजन बघायचं असतं, झायमोग्राफीत यातलं एकही चालत नाही. डायमधलं एसडीएस म्हणजे साबण, त्यानं घडी नुसती सैल होते, पण एन्झाईमच्या घडीला आतून गंधकाचे टाके असतात, मर्कॅप्टो ते उसवतं, मग तू ट्रायटननं कितीही धू, ते परत घडीत येत नाही. तू उकळून मारलेलं एन्झाईम रात्रभर ऊबेत ठेवलंस तीन वेळा. डाय मर्कॅप्टोशिवाय नवीन कर, डीटीटी पण नको, तेही टाके उसवतं, गरम करू नकोस, दहा मिनिटं बाहेर ठेव आणि लोड कर. जेल चालवताना टाकीभोवती बर्फ ठेव, नाहीतर ते तिथंही तापतं.

तालीमवाला (सकाळी १०:५५)
म्हणजे आजी एसडीएसनं पैलवान चीत झाला तरी उठून परत लढतो, पण उकळला की हाडंच मोडली, असंच ना?

निवृत्त_लॅबवाली (सकाळी १०:५८)
अगदी तसंच. एसडीएस धुवून काढता येतं, तेवढ्यासाठीच ट्रायटन. आजी कोणाला म्हणतोस रे?

कात्री (सकाळी ११:०४)
मी हेच लिहिणार होतो.

डेटाहवा (सकाळी ११:०५)
मग रात्रभर लिहिलं का नाहीत.

निवृत्त_लॅबवाली (सकाळी ११:२०)
अजून एक राहिलं. तो जाड गडद निळा डाग ६६ किलोडाल्टनच्या जवळ आहे ना? तो अल्ब्युमिन आहे, सीरममधलं (रक्तातल्या पाण्यातलं) मुख्य प्रोटीन. म्हणजे तुझ्या मिडियममध्ये सीरम आहे. मैत्रिणीला विचार, १० टक्के सीरम घातलेलं मिडियमच दिलं ना तिनं? मग अवघड आहे, गाईच्या पिल्लाच्या सीरममध्ये एमएमपी २ आधीपासूनच असतं, ९ पण थोडं असतं. पट्टा आला तरी तो कॅन्सरच्या पेशीचा का वासराचा हे तू सांगू शकणार नाहीस. पेशी धुवून बिनसीरमच्या मिडियममध्ये २४ तास ठेवायच्या आणि मग गोळा करायचं असतं.

पेशीवेडी (सकाळी ११:३२)
विचारलं. हो सीरम आहे 😭 ती म्हणते तू सांगितलं नाहीस. मला वाटलं तिला माहीत असेल. आता पुण्याहून नवीन आणायला वेळ नाही, पंचगंगा ३९ फुटावर आलीय, आई एकटीला सोडणार नाही.

निवृत्त_लॅबवाली (सकाळी ११:४०)
पेशी कधी न बघितलेलं कोरं मिडियम, तेच सीरम घातलेलं, उरलंय का तुझ्याकडे? असलं तर शेजारच्या लेनमध्ये ते टाक. निदान काय कोणाचं ते कळेल. सँपल २० नको, ५ टाक, अल्ब्युमिन लेन फुगवतं.

शाहूपुरीकर_काका (दुपारी १:१५)
मी यातला नाही पण वाचतोय. या कात्र्या कॅन्सरला मदत करतात म्हणताय तर त्या बंद करायचं औषध देऊन टाकलं की संपलं, एवढं संशोधन कशाला?

कात्री (दुपारी १:४०)
काका केलं होतं तेच. १९९० च्या दशकात मारिमास्टॅट वगैरे औषधं काढली, झिंकला जाऊन चिकटणारी, उंदरांत बरी दिसली पण माणसांच्या चाचण्यांत अपेक्षाभंग झाला, वर सांधे आखडायचे, दुखायचे. कारण याच कात्र्या शरीराला रोज लागतात, जखम भरताना, हाड घडताना. या घराण्यातलं पहिलं एन्झाईम सापडलं तेच १९६२ मध्ये बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत, ग्रॉस आणि लापिएर या दोघांना. शेपूट गळायची म्हणजे आतलं कोलॅजन कोणीतरी कापायला पाहिजे, ते कापणारं हे. शेपूट गळणं आजार नाही ना. आणि त्यातल्या काही कात्र्या तर गाठ वाढू न देण्याचंही काम करतात, सरसकट सगळ्या बंद केल्या की तेही बंद.

शाहूपुरीकर_काका (दुपारी १:५२)
बरं मग माझ्या शुगरच्या गोळीच्या नावात ग्लिप्टिन आहे, डॉक्टर म्हणाले एन्झाईम बंद करते, ती पण यातलीच का? घ्यावी का नको?

डेटाहवा (दुपारी २:१०)
घ्या काका, डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. ती वेगळी कात्री, डीपीपी ४ म्हणतात. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी १ नावाचं हार्मोन येतं, ते इन्शुलिन सोडायला सांगतं, आणि ही कात्री काही मिनिटांत त्याचं टोक छाटते. गोळीनं कात्री थांबली की हार्मोन जास्त वेळ टिकतं. कात्री बंद करायची औषधं सगळीच फसली असं नाही. बीपीचं कॅप्टोप्रिल १९८१ चं, त्याचा धागा ब्राझीलच्या सापाच्या विषातून मिळाला. एचआयव्हीची १९९५ पासूनची कितीतरी औषधं विषाणूची स्वतःची कात्री अडवतात.

शाहूपुरीकर_काका (दुपारी २:१४)
सापाचं विष?? बरं. बीपीचीपण चालू आहे माझी.

ब्लॉटवाला_पुणे (दुपारी ४:०२)
मी अजूनही म्हणतो वेस्टर्न.

पेशीवेडी (रविवार, रात्री ९:१८)
आले पट्टे!!! मर्कॅप्टो न घालता डाय केला, उकळलं नाही, ५ मायक्रो टाकलं, बर्फाची टाकी. आज दुपारी डिस्टेन करताना (जादा निळा रंग धुवून काढताना) पहिली वीस मिनिटं काहीच नव्हतं, सगळं गडद, मी डबा हलवत बसले होते आणि मग एकदम काचेसारख्या दोन रेघा उघडल्या निळ्यात, खाली ठेवलेल्या कागदावरची पेनाची ओळ त्यातून वाचता येत होती. ९२ ला एक (एमएमपी ९), ७२ ला एक (एमएमपी २). मी ओरडले तर वॉचमन मामा आले बघायला.
आता रडगाणं. कोऱ्या मिडियमच्या लेनमध्येसुद्धा ७२ आहे, तेवढाच जाड. ९२ मात्र तिथं अगदी पुसट, पेशींच्या लेनमध्ये स्पष्ट. आणि अजून एक, पेपरमध्ये लिहिलंय ७२ आणि ९२ ही प्रो म्हणजे झोपलेली रूपं. मग झोपलेलं कापतंय कसं? मंगळवारी नक्की विचारणार हे.

निवृत्त_लॅबवाली (रात्री ९:५०)
शाब्बास. झोपलेल्या रूपात एन्झाईमच्या स्वतःच्या शेपटीतला एक सिस्टीन झिंकला धरून बसलेला असतो, म्यानात सुरी असल्यासारखं. १९९० ला याला सिस्टीन स्विच असं नाव दिलं. शरीरात दुसरी कात्री येऊन ती शेपटी छाटते तेव्हा सुरी बाहेर येते आणि वजन कमी होतं. जेलमध्ये मात्र एसडीएसनं घडी सैल झाली की तो सिस्टीन झिंकवरून सुटतो, शेपटी न छाटताच एन्झाईम कापायला लागतं. म्हणून पट्टा दिसला म्हणजे पेशीत ते जागं होतं असं म्हणू नकोस. आणि ७२ बद्दल सरळ सांग, सीरममुळे सांगता येत नाही. ९२ कोऱ्यापेक्षा जास्त दिसतोय एवढंच म्हण, एकाच जेलवर त्याच्या पुढं जाऊ नकोस.

पेशीवेडी (रात्री ९:५८)
गाईड चिडतील.

निवृत्त_लॅबवाली (रात्री १०:०१)
चिडू देत. लपवलंस आणि नंतर कळलं तर जास्त चिडतील.

तालीमवाला (रात्री १०:२०)
अभिनंदन ताई, नाद खुळा 💪 आता पार्टी. तांबडा पांढरा.

शाहूपुरीकर_काका (रात्री १०:३१)
मटणाचा विषय निघाला म्हणून, तुमचं सगळं वाचून काल एक प्रयोग केला. कच्च्या पपईत पण प्रोटीन कापणारं असतं म्हणतात ना, पपेन. बोकड जरा जून होता म्हणून हिनं नको म्हणत असताना पपई वाटून भरपूर लावली आणि रात्रभर तसंच ठेवलं. आज शिजवलं तर फोडी राहिल्याच नाहीत, नुसता लगदा, चमच्यानं खाल्लं सगळ्यांनी, ही अजून बोलत नाही. कशामुळे झालं असेल?

पेशीवेडी (रात्री १०:३६)
काका, पपई किती, मटण किती? आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं होतं का बाहेर?