मदत हवी आहे: हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडल्यावर पेडल उजवं की डावं? मंगळवारी चेक आहे

पार्ल्याचा_पायलट (शुक्रवार, रात्री ११:४०)
चार दिवस डोकं फुटायची वेळ आली आहे. इंजिन गेलं, ऑटोरोटेशनमध्ये जायचं, म्हणजे इंजिनाशिवाय उतरायचं, तेव्हा नाक सरळ ठेवायला पायाचं पेडल कोणतं? पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, उजवं. आमचे सर म्हणतात, डावं. दोन्हीकडे शंभर टक्के खात्री. मंगळवारी सकाळी जुहूला चेक आहे. आधी ओरल, मग फ्लाइंग. कृपया एका शब्दात सांगा. थिअरी मला येते, पुन्हा नको.

हँगर_नंबर_माहीत_नाही (११:५२)
मशीन कोणतं?

निवृत्त_फौजी (शनिवार, सकाळी ६:१०)
बाळा, पेडल मागाहून. आधी डावा हात. इंजिनचा आवाज पडला की कलेक्टिव्ह, म्हणजे डाव्या हाताचा दांडा, खाली, विचार न करता. पात्यांचा वेग एकदा पडला की तो परत मिळवायला उंची लागते, आणि उंची नसली तर मिळतच नाही. खालून वर येणारा वारा पाती फिरवत ठेवतो, त्याच जोरावर आपण उतरतो. मग सायक्लिकने, म्हणजे उजव्या हातातल्या दांड्याने, स्पीड धर, मग पाय. आणि पाय डावा. मी अर्धं आयुष्य चेतक आणि चीता उडवलेत, दोन्ही एक इंजिनची.

पार्ल्याचा_पायलट (७:०५)
काका, कलेक्टिव्ह खाली हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पेडलचंच विचारलंय. डावं का, पुस्तक उजवं का म्हणतं?

आर_बावीस (७:३०)
उजवंच. यात वादच नाही. मी रॉबिन्सनच्या आर-२२ वर शिकलो, नंतर आर-४४. थ्रॉटल कापला की नाक डावीकडे पळतं, उजवं पेडल द्यावंच लागतं. शेकडो ऑटोरोटेशन केलेत. काकांचा अनुभव मोठा असेल, पण चुकीचं सांगून मुलाला नापास करू नका. आर-२२ चा रोटर, म्हणजे वरची पाती, हलका, त्याचा वेग ९७ टक्क्यांवर आला की हॉर्न वाजतो आणि हातात एखाददोन सेकंदच असतात. तेवढ्यात उलटं पेडल म्हणजे काय होईल?

निवृत्त_फौजी (७:४८)
चुकीचं मी सांगत नाही. चेतकमध्ये तुमचं उजवं पेडल दिलं असतं तर आज हे लिहायला मी नसतो.

आर_बावीस (७:५५)
मग तुम्हाला आठवण नीट नाही.

हँगर_नंबर_माहीत_नाही (८:२०)
कृपया थांबा. दोघंही बरोबर आहात, म्हणून तर मशीन विचारतोय. दुसऱ्यांदा विचारतो, मशीन कोणतं?

तेलविहीर (९:१५)
मी पायलट नाही, मुंबई हायला, समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, जाऊन-येऊन करतो. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर, जुहूवरून. तुम्ही पेडलवर बोलताय, म्हणून मागे बसणाऱ्याच्या बाजूने सांगतो, कारण २८ जून २०२२ ला सागर किरण रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात उतरवावं लागलं, नऊजण होते, चौघं गेले. त्यानंतर ही गोष्ट मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो. हेलिकॉप्टरचं बरंचसं वजन वर असतं, इंजिन आणि गिअरबॉक्स, म्हणून पाण्यात ते बहुतेकदा उलटं होतं. आम्हाला प्रशिक्षणात तलावात पिंजऱ्यात बसवून उलटं करतात. नाकातून पाणी डोक्यात चढतं, वर कुठे आणि खाली कुठे कळेनासं होतं. तेव्हा एक हात खिडकीच्या कडेवर, दुसरा पट्ट्याच्या बकलवर. पिंजरा फिरायचा थांबेपर्यंत हलायचं नाही. आधी खिडकी ढकलायची, मग पट्टा सोडायचा. पट्टा आधी सोडला तर शरीर तरंगतं आणि खिडकी ढकलायला आधारच उरत नाही. हात खिडकीवर असला की अंधारातही बाहेर कुठे आहे ते हाताला माहीत असतं. पायलट लोकांनी निघण्यापूर्वी हे मागच्यांना नीट सांगावं, घाईत उरकू नये.

पार्ल्याचा_पायलट (९:४०)
दादा, धन्यवाद, पण माझा प्रश्न हा नाही. मशीन एच-१२५, एकच इंजिन. मशीनने काय फरक पडतो? हेलिकॉप्टर हेलिकॉप्टरच ना?

हँगर_नंबर_माहीत_नाही (१०:०५)
सगळा फरक तिथेच पडतो. मी मेंटेनन्समध्ये आहे. घरी ड्रिल मशीन चालवलंय? बिट भिंतीत अडकली की मशीन हातात उलट्या दिशेला पिरगळतं. तसंच पाती एका बाजूला फिरतात आणि बॉडीला उलट्या बाजूला वळायचं असतं. ते थांबवायला टेल रोटर, शेपटीवरचा छोटा पंखा, तोच पेडलने चालतो.

अमेरिकन मशीनची पाती, म्हणजे बेल, रॉबिन्सन, सिकोर्स्की, वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतात. पॉवर असताना नाक उजवीकडे जायला बघतं, म्हणून डावा पाय दाबलेला असतो. इंजिन गेलं की पीळ संपतो, पण डावा पाय आणि टेल रोटर अजून ओढतच असतात, म्हणून नाक डावीकडे. उपाय उजवं पेडल.

फ्रेंच मशीनची पाती घड्याळाच्या दिशेने. एच-१२५ फ्रेंच, आणि काकांचे चेतक, चीता मूळचे फ्रेंचच. रशियन एमआय-१७ पण याच बाजूचं. यांत पॉवर असताना उजवा पाय दाबलेला, इंजिन गेलं की नाक उजवीकडे, उपाय डावं पेडल. तुझं पुस्तक अमेरिकन असणार. सर एच-१२५ चे. कोणी चुकलेलं नाही.

आर_बावीस (१०:२०)
मी फक्त रॉबिन्सन उडवलंय, ही बाजू मला माहीत नव्हती. काका, सकाळी जे बोललो त्याबद्दल माफ करा.

निवृत्त_फौजी (१०:३२)
झालं ते झालं. तुझ्या मशीनपुरतं तू बरोबरच होतास.

जुना_जुहूकर (११:००)
जुहूचं नाव निघालं म्हणून सांगावंसं वाटतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पुस मॉथ या छोट्या विमानातून इथेच उतरले. आम्ही लहानपणी कुंपणाला चिकटून धावपट्टी बघायचो. आता हेलिकॉप्टरच जास्त. मंगळवारी तिथे उतरशील तेव्हा हे आठव.

पार्ल्याचा_पायलट (११:२५)
हँगरवाले दादा, खूप आभार. आता जे आधी लिहायला हवं होतं ते लिहितो. मी शिकलो आर-४४ वर, एच-१२५ ला नुकताच आलोय. आणि प्रश्न नुसता ओरलचा नाही. गुरुवारी सरांनी सांगून इंजिन आयडलला, म्हणजे अगदी कमी पॉवरवर, आणलं. मला ‘डावं’ पाठ होतं. तरी पाय उजवाच गेला. नाक आधीच उजवीकडे चाललं होतं, ते आणखी सुटलं. समोर समुद्र होता, क्षणात बिल्डिंगा आल्या. सरांनी कंट्रोल घेतले. ओरडले नाहीत, नुसतं ‘पाय’ म्हणाले. तेव्हापासून झोप नाही. मंगळवारी पुन्हा तसंच झालं तर?

आर_बावीस (११:४०)
हे आधी सांगायचं होतंस. उपाय एकच, घोकंपट्टी, पण शरीराने. खुर्चीवर बस. दोन पायांत लाटणं उभं धर, तो सायक्लिक. डाव्या हाताला छत्री, तो कलेक्टिव्ह. जमिनीवर दोन चपला. डोळे मीट, मोठ्याने बोल, ‘इंजिन’, छत्री खाली, डावी चपल. रोज दोनशे वेळा. मी असंच केलं होतं.

निवृत्त_फौजी (१२:१०)
मला हे पटत नाही. डावं डावं घोकलंस तर परत आर-४४ वर बसलास की तिथे मरशील. पाय घोकायचाच नाही. बाहेर बघायचं. समोर एक ठिकाण धर, एखादी टाकी, वर्सोव्याचं टोक, काहीही. ते काचेवर जिथे आहे तिथेच ठेव. पाय आपोआप योग्य बाजूला जातो. गुरुवारी तुझी नजर आत होती की बाहेर?

पार्ल्याचा_पायलट (१२:२२)
आत. रोटर आरपीएमच्या काट्यावर.

निवृत्त_फौजी (१२:३०)
मिळालं उत्तर. काटा बघायचाच, पण एक नजर, आणि लगेच बाहेर. हॉर्न कानाला सांगतोच.

आर_बावीस (१२:४५)
काका, नजर ठीक आहे, पण पहिल्या सेकंदाला नाक किती वळलं हे दिसायच्या आधीच पाय जायला हवा. घाबरलेला माणूस बाहेर बघत नाही, सवयीचं करतो. म्हणून सवयच बदलायला हवी.

हँगर_नंबर_माहीत_नाही (१:१५)
दोन्हीचा मेळ बसतो. मी उडवत नाही, पण शेजारी बसून खूप बघितलंय. पोरा, उडताना रोज कलेक्टिव्ह खाली आणतोसच ना, उतरायला लागल्यावर? एच-१२५ मध्ये तेव्हा कोणता पाय पुढे जातो?

पार्ल्याचा_पायलट (१:२०)
डावा. आपोआप. थोडासा.

हँगर_नंबर_माहीत_नाही (१:३१)
मग इंजिन गेल्यावर तोच पाय, तीच बाजू, फक्त जास्त. टेल रोटर असलेल्या कुठल्याही मशीनला हे लागू. कलेक्टिव्ह खाली जाताना जो पाय जातो, तोच. वेगळी इमर्जन्सीची सवय लावू नकोस, रोजच्या सवयीवर टेकव. उद्या उडताना प्रत्येक वेळी कलेक्टिव्ह खाली करशील तेव्हा पायाकडे लक्ष दे, दोन सॉर्टीत, म्हणजे दोन उड्डाणांत, बसेल.

निवृत्त_फौजी (१:५०)
हे माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत. मान्य.

एवढंच जोडतो. या दिवसांत वारा समुद्राकडून आहे, तेव्हा वाऱ्याला तोंड म्हणजे समुद्राकडे तोंड. इंजिन गेल्यावर उतरायची जागा शोधायची नसते, ती आधीच ठरलेली असावी. किनाऱ्याने जाताना मनात सतत बोलत राहा, आत्ता गेलं तर इथे, आता इथे. रविवारच्या संध्याकाळची चौपाटी जागा म्हणून धरायची नाही, माणसांच्या अंगावर उतरशील. आणि शांत पाण्यावर उंचीचा अंदाज चुकतो, फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलून वेग कमी करणं, लवकर किंवा उशिरा होतो. एखादी होडी, फेस, काहीतरी नजरेत ठेव.

पार्ल्याचा_पायलट (रविवार, रात्री ९:१०)
आज सरांनी हँगरमध्ये अर्धा तास मशीनमध्ये बसू दिलं, बॅटरी बंद. दारं बंद केल्यावर आत फक्त रबराचा आणि तेलाचा वास. काका म्हणाले तसं समोरच्या भिंतीवरच्या लाल अग्निशामकावर नजर ठेवली. कलेक्टिव्ह खाली, डावा पाय. पन्नासेक वेळा केलं. डाव्या पेडलच्या रबराची कड घासून गुळगुळीत झाली आहे, बुटातूनही कळते. किती जणांचे पाय तिथे गेले असतील. मधे दोनदा उजवा पाय हलला, पण मला तो हलताना कळला. गुरुवारी कळलाच नव्हता.

आर-बावीसभाऊ, लाटणंही केलं. आईने विचारलं, हे काय चाललंय. सांगितलं. ती समोर बसून ‘इंजिन’ म्हणत होती, मधेच, न सांगता. त्याचा जास्त फायदा झाला.

तेलविहीर दादा, काल घाईत तुम्हाला तोडलं, माफ करा. एच-१२५ मधून माणसं घेऊन जायला लागलो की तुम्ही सांगितलेलं खिडकी आधी, पट्टा नंतर हे स्वतः सांगेन.

तेलविहीर (९:३५)
एवढं केलंस तरी पुष्कळ.

निवृत्त_फौजी (९:५०)
उद्या फार करू नकोस. दहा वेळा, बस. मंगळवारी पोटात काहीतरी घालून जा, रिकाम्या पोटी पाय थरथरतात. झालं की इथे लिही.