पहिल्यांदाच परराज्यात एल्कच्या शिकारीला: कोलोरॅडोबद्दल सल्ला हवा

डॅलसकर
नमस्कार मंडळी. मी टेक्ससमध्ये राहतो, ग्रीन कार्डवर आहे. इथे ओळखीच्यांच्या रँचवर हरणाची शिकार करतो, .३०८ रायफल स्वतःची आहे. पुढच्या वर्षी मित्राबरोबर कोलोरॅडोला एल्कसाठी (मोठ्या जातीचं हरीण) जायचं ठरवतोय. गाइड न घेता, सरकारी जमिनीवर. टेक्ससमध्ये जवळपास सगळी जमीन खाजगी, त्यामुळे मोकळ्या जंगलात जनावर शोधायची सवय नाही. टॅग (एका जनावराच्या शिकारीचा परवाना) कुठला घ्यावा, कधी जावं, तयारी कुठून सुरू करावी? जनावर मिळालं तर मांस वाया जाता कामा नये, ही सगळ्यात मोठी काळजी. मित्र एच-वन-बी व्हिसावर आहे, त्याला काही अडचण?

रानवाट
कोलोरॅडो ही निवड योग्यच. अमेरिकेत सगळ्यात जास्त एल्क तिथेच आहेत. वायोमिंगचा विचार मनात आला तर एक लक्षात ठेवा: तिथल्या वाइल्डरनेस (संरक्षित रान) भागात परराज्यातल्या माणसाला गाइड किंवा स्थानिक रहिवासी सोबत असल्याशिवाय मोठ्या जनावरांची शिकार करता येत नाही.

टॅगचे मार्ग दोन. एक ड्रॉ म्हणजे सोडत, त्याचे अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत भरायचे. दुसरा म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या रायफल सीझनचा (रायफलच्या शिकारीचा मोसम टप्प्यांत असतो) नराचा टॅग, जो ठरावीक युनिटसाठी (शिकारीच्या विभागांसाठी) थेट विकत मिळत आलाय. धनुष्यबाणाचा असा थेट टॅग इंटरस्टेट २५ महामार्गाच्या पश्चिमेकडे परराज्यातल्यांसाठी २०२५ पासून बंद झाला. जुने व्हिडिओ बघून बेत आखू नका, ज्या वर्षी जाणार त्या वर्षीचं बिग गेम ब्रोशर (नियमांची सरकारी पुस्तिका) वाचा. शिवाय १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचं (शिकारीच्या प्रशिक्षणाचं) कार्ड लागतं; टेक्ससचं चालतं.

माझं ऐकाल तर पहिल्या खेपेला ड्रॉमधून मादीचा टॅग मागा. नराच्या बाबतीत बहुतेक युनिटमध्ये एका शिंगाला किमान चार टोकं किंवा पाच इंची ब्राऊ टाइन (शिंगाचं कपाळाजवळचं टोक) असावी लागते. झाडीत, अंधुक उजेडात, धाप लागलेली असताना ती टोकं मोजणं नवख्याला फार जड जातं. तुम्हाला मांस हवंय, मग शिंगांच्या मागे कशाला लागायचं?

सह्यवासी
मादीच्या टॅगबद्दल मी थोडा असहमत आहे. ड्रॉ लागेल की नाही याची खात्री नसते आणि दोघांची रजा आधी ठरवावी लागते. दोघांनी एकत्र, ग्रुप म्हणून अर्ज करा. नाही लागला तर थेट मिळणारा नराचा टॅग घ्या, पण बेत रद्द करू नका. मी तिसरा सीझन निवडेन. नोव्हेंबरात बर्फ पडला की कळप खाली उतरतात आणि ताज्या बर्फात माग दिसतो. थंडी कडक असते, तंबूत शेगडी हवीच. .३०८ पुरेशी आहे, गोळी चांगली घ्या आणि सरावात जितक्या अंतरावर खात्री वाटते त्यापलीकडे मारू नका.

कागदपत्रं
एच-वन-बीबद्दल. फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. त्याला अपवाद आहे: अमेरिकेतल्या राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स जवळ असणं. म्हणजे लायसन्स आधी, रायफल नंतर. रेंजवर सरावाला जातानाही हाच क्रम. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला. तरी वकिलाला एकदा विचाराच, इथे चूक झाली तर इमिग्रेशनवर येतं.

पाऊलवाट
मांसाची काळजी आहे हे वाचून बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते.

मोठा नर ३०० किलोच्या आसपास भरतो. हाडं काढून साधारण ९० ते १०० किलो मांस उरतं. पाठीवर २५ किलो धरलं तरी दोघांना दोन-दोन खेपा, त्याही नऊ-दहा हजार फुटांवर, रस्ता नसलेल्या उतारावर. म्हणून गाडीपासून किती लांब जायचं हे निघण्याआधी ठरवा आणि ते पाळा. तीन किलोमीटर पुष्कळ झाले. खोल घळीत उभं असलेलं जनावर कितीही सोपं दिसलं तरी सोडून द्या.

पोट न फाडता चारही पाय आणि पाठीचं मांस काढायची पद्धत घरीच हरणावर शिकून घ्या. कातडी लगेच उतरवायची, मांस जाळीदार कापडी पिशव्यांत घालून सावलीत, हवा लागेल असं टांगायचं. लिंगाचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहिला पाहिजे, तो कापून वेगळा केला तर दंड होतो.

हरीण आणि एल्कमध्ये सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग पसरलाय. डोकं तपासणीला द्या. काही युनिटमध्ये सक्तीचंच असतं. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये, प्रत्येक जनावराचं वेगळं. रोग निघाला तर खायचं नाही, सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचाही हाच सल्ला आहे. टेक्ससला नेताना मेंदू आणि पाठीचा कणा मागेच ठेवायचा.

डॅलसहून थेट उंचावर चढू नका, दोन दिवस आधी पोहोचा. डोकेदुखीबरोबर उलट्या सुरू झाल्या तर खाली उतरायचं, सीझनचा एक दिवस गेला तरी चालेल. आणि कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा, शिवाय त्याच रंगाची टोपी, हे रायफल सीझनमध्ये बंधनकारक आहे.

डॅलसकर
मनापासून आभार. ग्रुप अर्ज, आधी मादी, नाहीतर तिसरा सीझन, असं ठरवतोय. युनिट कसं निवडू? मीकरच्या बाजूच्या फ्लॅट टॉप्सचं नाव सगळीकडे वाचतोय.

रानवाट
फ्लॅट टॉप्समध्ये व्हाइट रिव्हरचा प्रचंड कळप आहे, पण गर्दीही तशीच. कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या साइटवर युनिटनुसार किती शिकारी गेले आणि किती जनावरं मिळाली याचे आकडे असतात. तीन-चार वर्षांचे शेजारी ठेवून बघा. मग ऑनएक्स या नकाशाच्या ॲपवर खाजगी जमिनीच्या हद्दी तपासा. गोळीबार सुरू झाला की कळप खाजगी रँचवर जाऊन बसतात, म्हणून सलग मोठं नॅशनल फॉरेस्ट असलेलं युनिट बरं. जमलं तर ऑगस्टमध्ये कुटुंबाला घेऊन एक फेरी मारा, रस्ते आणि पाण्याच्या जागा बघून ठेवा. त्याच फेरीत जवळच्या गावातल्या मांस कापून देणाऱ्या दुकानात विचारून या, कारण सीझनमध्ये ती भरली की नवीन जनावर घेत नाहीत.