भाड्याच्या घरामागचं कोब्याचं अंगण, न फोडता काय करता येईल?

मंडळी, जरा मदत हवीय. जुळे सोलापुरात तळमजल्यावर भाड्याने राहतोय, जानेवारीत आलो. मागे २० बाय १२ चं अंगण बघूनच घर पसंत केलेलं, पण अंगण म्हणजे नुसता जुना कोबा, जागोजागी भेगा, एकीतून वीतभर पिंपळ वर आलाय आणि बाथरूमच्या भिंतीलगत पाणी साचून काळं शेवाळ. आधीच्या भाडेकरूचा तुटका कूलर आणि दोन पोती राबिट मीच रिक्षाने हलवलं, मालक म्हणे तुम्ही बघा.

आता मार्चमध्येच दुपारी तिथं उभं राहवत नाही, मेमध्ये ४२-४३ ला काय होईल देव जाणे, आणि रात्री दहापर्यंत कोबा तापलेलाच म्हणून मागच्या खोलीत नुसती धग. आईला संध्याकाळी बाज टाकून बसायचंय. मालकाची अट अशी की कोबा फोडायचा नाही, भिंतीला ड्रिल नाही, नाहीतर डिपॉझिटमधून कापणार. करार ११ महिन्यांचा, म्हणजे जे करीन ते उचलून नेता आलं पाहिजे. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेव्हा पाणी मारून थंड करा हे प्लीज सांगू नका ओ. बजेट ६ हजार. वरून शहाबादी टाकू का नुसती ग्रीन नेट?

शेंगाचटणी: शहाबादी नको, तीपण तेवढीच तापते. आधी एक बादली पाणी ओता. सांडपाण्याच्या जाळीकडं न जाता भिंतीकडं आलं तर उतार उलटा आहे, ते काम मालकाचं. फोटो टाका त्यांना, ओल धरून फुगणार त्यांचीच भिंत. पिंपळ नुसता खुडू नका, दुप्पट जोमाने येतो. मालकाला विचारून भेग छिन्नीने थोडी मोकळी करा, मुळासकट काढा, मग सिमेंट-वाळू भरा. सावलीसाठी रंगाचे २० लिटरचे चार रिकामे डबे घ्या, त्यात पाइप उभे करून काँक्रीट ओता, एकेक डबा ४५ किलोच्या पुढं जातो. वर ७५ टक्के सावलीवाली ग्रीन नेट. पण वळवाच्या वाऱ्यात नेट शिडासारखी फुगते, डब्यासकट ओढेल, तेव्हा एका ओढीत सुटेल अशी गाठ मारा आणि आभाळ भरून आलं की खाली घ्या.

मोगरेवाली: कुंड्या थेट कोब्यावर नकोत, खालून मुळं भाजतात, विटांवर ठेवा. काळ्या ग्रो बॅगला बारदान गुंडाळा. बोगनवेल, अडेनियम, कोरफड उन्हात जगतात, मोगऱ्यालाही ऊन लागतं, फक्त पाणी चुकवू नका. तुळस नेटखाली. भाज्या धुतलेलं पाणी पुरतं ओ एवढ्याला. आणि डाइंगवाल्यांकडचे जुने केमिकलचे ड्रम स्वस्त मिळतात म्हणून कडीपत्त्याला वापरू नका.

धागाकर्ता: बादली ओतली आत्ताच. पाणी सरळ भिंतीकडं! व्हिडिओ मालकाला टाकलाय, दोन निळ्या टिक आल्यात, उत्तर नाही. रविवारी डबे बघायला जातो.