‘ग्रोथ फॅक्टर’ला मराठीत काय म्हणावं?

मांडवी_बडोदे: रुग्णांसाठीच्या पत्रकाचं मराठी करतेय. अडलेलं वाक्य: मेंदूतले ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढीचा इशारा देणारी प्रथिनं) ताप चढायला हातभार लावतात. ‘वाढीचे घटक’ लिहिलं तर आईबापांना मुलांच्या उंचीचं टॉनिक वाटेल. ‘वृद्धिकारक’ चालेल का?

राजवाडा_इंदूर: ‘कारक’ नको, तापाचं मूळ हेच असं वाटेल. क्रम बघा. जंतूंशी गाठ पडली की पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१ आणि ६ ही निरोप्या प्रथिनं सोडतात. मग मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात कॉक्स-२ हे एन्झाइम तयार होतं, त्यातून प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे रसायन बनतं आणि ते हायपोथॅलॅमसने, म्हणजे मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागाने, ठरवलेली तापमानाची पातळी वर सरकवतं. कॉक्स-२ चं जनुक जागं करण्याची ताकद काही ग्रोथ फॅक्टरांतही असते. त्यांचा संबंध येतो तो इथे. ‘वाढप्रथिनं’ म्हणा.

लष्कर_ग्वाल्हेर: ‘कारक’ वृद्धीला जोडलंय, तापाला नाही, आक्षेप टिकत नाही. खरी अडचण ‘वाढ’ची आहे. ही नावं पहिल्यांदा दिसलेल्या कामावरून पडतात. व्हीईजीएफ हा रक्तवाहिन्या वाढवणारा ग्रोथ फॅक्टर १९८३ मध्ये आधी रक्तवाहिन्या झिरपवणारा घटक म्हणूनच ओळखला गेला, वाढीचं नाव मागून आलं. ग्रोथ फॅक्टर तसंच ठेवा, पुढे एक ओळ खुलासा द्या.

राजवाडा_इंदूर: मग मराठी कशाला करायचं? बडोद्यातच १९३१ साली सयाजीशासनशब्दकल्पतरूत राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत बसवले होते.

लष्कर_ग्वाल्हेर: तो कारभाराचा कोश. कचेरीतला शब्द हुकमाने रुळतो, दवाखान्यातला नाही.

मांडवी_बडोदे: बरं, ‘ताप’ तरी ठेवू ना? की ‘ज्वर’? इथे शेजारीपाजारी ‘ताव’ म्हणतात.

राजवाडा_इंदूर: ‘ताप’च. ‘ताव’ही संस्कृत तापाचाच, ‘तावून सुलाखून’मध्ये आपल्याकडे शिल्लक आहे. पण उन्हाने अंग तापतं त्याला पत्रकात ताप म्हणू नका, तिथे घोटाळा जीवावर बेततो. उष्माघातात ठरलेली पातळी ३७ अंशांच्या आसपासच असते, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही, म्हणून ते ४० च्या वर जातं. प्रोस्टाग्लँडिनचा तिथे हात नसतो, त्यामुळे पॅरासिटामॉल देऊन उपयोग नाही. अंगावर पाणी, वारा आणि ताबडतोब दवाखाना. खऱ्या तापात पातळीच वर गेलेली असते, म्हणून ३९ अंश असतानाही माणूस पांघरूण मागतो आणि हातपाय गार लागतात. त्या वेळी गार पाण्याने पुसलं तर कापरं वाढतं.

मांडवी_बडोदे: म्हणजे ‘थंडी वाजते’ हे वाक्य तापाच्या व्याख्येतच यायला हवं. आणि ‘कसर’ हा शब्द? ३८ च्या आतलं सगळं त्यात बसवता येईल.

लष्कर_ग्वाल्हेर: इथे कसर म्हणजे उणीव, हिंदीमुळे. ‘अंगात कसर आहे’ म्हटलं तर तरुण वाचक थबकेल. ‘कणकण’ लिहा.

राजवाडा_इंदूर: कणकण म्हणजे जाणवणं, थर्मामीटरवर काही नसलं तरी असते. कसर हाताला लागते. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लष्कर_ग्वाल्हेर: बोलण्यात कोणी इतका फरक करत नाही.

राजवाडा_इंदूर: घरातली म्हातारी माणसं करतात. कपाळाला हात लावून ‘कसर आहे’ म्हणतात. कणकण ज्याची त्यानेच सांगायची असते.

मांडवी_बडोदे: दोन्ही घालते. ‘हुडहुडी’ थंडीतापालाच राखून ठेवायची का, की कुठल्याही तापात चालेल?