मदत हवी आहे: मधोमध बल शून्य, मग लंबक तिथेच थांबत का नाही?

नमस्कार. नाशिक, बारावी सायन्स. एसएचएमची (सरल आवर्त गती, म्हणजे मध्याभोवती ठरावीक तऱ्हेने पुढे-मागे होणारी हालचाल) गणितं सुटतात, पण सूत्र नुसतं पाठ करून पुढे जायला मन घेत नाही.

घरी दाराच्या चौकटीला मीटरभर दोरीने कुलूप टांगलं. दहा झोक्यांना (जाऊन-येऊन एक) वीस सेकंद, आवर्तकालाच्या, म्हणजे एका झोक्याच्या वेळेच्या, सूत्राशी जुळतं. पण मागे खेचणारं बल = −के × एक्स (एक्स म्हणजे मध्यापासूनचं अंतर, के हा स्थिरांक). मधोमध एक्स शून्य, म्हणजे बलही शून्य. मग कुलूप तिथेच सगळ्यात जोरात कसं जातं? आणि लंबक गोल फिरतच नाही, तर सूत्रांत 2 पाय आणि ओमेगा आले कुठून? कोणीतरी नीट समजावून सांगा, प्लीज.

प्रतिसाद

अरे, बलाने वेग ठरत नाही, वेगातला बदल ठरतो. टोकापासून मध्यापर्यंत बल कुलपाला पुढेच ढकलत असतं, वेग साठत जातो. मध्याला बल शून्य, म्हणजे वेग वाढायचा थांबला. असलेला वेग जाईल कुठे? पुढे बल उलटं लागतं आणि तो वेग टोकापर्यंत खर्ची पडतो. टोकाला वेग क्षणभर शून्य, पण त्वरण सर्वांत जास्त, म्हणून तर कुलूप परत फिरतं. तिथे त्वरणही शून्य असतं तर ते तिरकंच लटकून राहिलं असतं!

आता 2 पाय. नवरात्रात नाशिकच्या कालिका यात्रेतला आकाशपाळणा समोरून नाही, अगदी कडेने बघ. गोल फिरणं दिसतच नाही, एकेक पाळणा नुसता वर-खाली जातो: मधे झपकन, दोन्ही टोकांना रेंगाळत. चाक एकसारख्या गतीने फिरत असेल, तर ही वर-खाली गती म्हणजे चोख एसएचएम. पूर्ण फेरी 2 पाय रेडियनची (रेडियन हे कोन मोजायचं एकक), आणि कोन ज्या दराने बदलतो तो ओमेगा. लंबकात चाक नाही, गणित मात्र हेच.

धागाकर्ता

वेगाचं आता लख्ख कळलं, खूप आभार सर! पुस्तकात 'कोन लहान असावा' म्हटलंय. लहान म्हणजे किती?

प्रतिसाद

10 अंशांपर्यंत बिनधास्त. खरं बल कोनाच्या साइनवर ठरतं, सूत्र मात्र साइनऐवजी कोनच धरतं. 10 अंशांना साइन 0.1736, रेडियनमध्ये कोन 0.1745, फरक नगण्य. 30 अंशांना 0.5 आणि 0.5236, आवर्तकाल सूत्रापेक्षा पावणेदोन टक्के वाढतो. 60 अंशांना सात टक्क्यांहून जास्त. कुलूप तिथून सोडून बघ, दहा झोके एकवीस सेकंदांच्या आसपास जातील. दोरी मोजताना कुलपाच्या मध्यापर्यंत मोज.